एकाच नावाची गाडी प्रत्येक देशात वेगळी का निघते? वालचंद हिराचंद यांची गोष्ट

आधी एक छोटं उदाहरण घेऊ. मारुती सुझुकीची फ्रॉन्क्स तुम्ही पाहिली असेलच. आपल्या एमएच-३७ पासिंगच्याही कितीतरी फ्रॉन्क्स वाशिमच्या पाटणी चौकातून रोज जातात. हीच गाडी गुजरातमधल्या कारखान्यात तयार होऊन जहाजाने जपानला जाते आणि तिथेही फ्रॉन्क्स याच नावाने विकली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती जपानमध्ये आली तेव्हा तिच्यात १.५ लिटरचं इंजिन होतं, चारही चाकांना ताकद देणारा पर्याय होता आणि समोर काही आलं तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा होती. भारतातल्या फ्रॉन्क्समध्ये तेव्हा यातलं काहीच नव्हतं. इथे १.२ लिटरचं साधं इंजिन, नाहीतर १ लिटरचं टर्बो.

कारखाना एक, नाव एक, लांबी तीच ३,९९५ मिलिमीटर, तरी गाड्या दोन. यूट्यूबवर परदेशी रिव्ह्यू पाहून कोणी शोरूममध्ये गेलं की तिथला सेल्समन हसतो, ते यामुळेच.

इंजिनाचं कारण मात्र सरळ आहे. २००६ च्या बजेटपासून आपल्याकडे छोट्या गाडीची एक सरकारी व्याख्या आहे: लांबी ४ मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १,५०० पर्यंत. या चौकटीत बसलात तर कर कमी. सप्टेंबर २०२५ पासूनचा हिशोब घेतला तर छोट्या गाडीला १८ टक्के जीएसटी आणि मोठीला ४०. म्हणजे १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन टाकलं की ही चार मीटरच्या आतली गाडीसुद्धा एकदम महाग गटात जाणार. तेव्हा इंजिन किती मोठं ठेवायचं हे इंजिनिअरने ठरवायच्या आधी दिल्लीतल्या एका कलमाने ठरवलेलं असतं.

पण गाडी आपल्या देशात कशी असावी, हे ठरवायचा हक्क मुळात कोणाकडे असतो? कर लावणाऱ्या सरकारकडे, आराखडा काढणाऱ्या परदेशी कंपनीकडे, की पार्ट बनवणाऱ्या कारखान्याकडे? हा प्रश्न आपल्याकडे पैसा आणि आयुष्य पणाला लावून ज्या माणसाने विचारला, तो सोलापूरचा होता. वालचंद हिराचंद दोशी. शाळेत त्यांचं नाव जहाजांच्या धड्यात येऊन जातं आणि साखर कारखान्यामुळे वालचंदनगर माहीत असतं. गाड्यांचं मात्र कोणी फारसं सांगत नाही, म्हणून मी आज तेच सांगणार आहे.

अडीच फुटांच्या रुळांपासून सुरुवात

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं काठेवाडातलं, गुजराती जैन, व्यवसाय सावकारी आणि कापसाचा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते, पण डिग्रीपर्यंत गेले नाहीत, घरच्या धंद्यात आले. तिथे त्यांचं मन रमलं नाही. व्याजाचा पैसा घरबसल्या येत होता, आणि या पोराला काहीतरी उभं करायचं होतं.

मग त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतली कारकुनी सोडून कंत्राटदार झालेले. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल आणि धडाडी. फाटक-वालचंद ही जोडी जमली आणि सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेचं काम मिळालं.

आता ही बार्शी लाइट म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. कारंजावरून जाणारी आपली शकुंतला आठवा. मूर्तिजापूर ते यवतमाळ, आता बंद पडलेली. तिच्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. बार्शी लाइटचंही तेवढंच. त्याच काळात मोठ्या लाइनचे रूळ साडेपाच फुटांचे होते, आणि आपल्या वाशिमवरून जाणारी हिंगोली-अकोला लाइन एक मीटरची होती. म्हणजे शकुंतलेचा डबा वाशिमच्या रुळावर चालणार नाही आणि वाशिमचा डबा अकोल्याच्या मोठ्या लाइनवर जाणार नाही. माल प्रत्येक ठिकाणी उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. रेल्वे एकच म्हणायची, पण स्पेसिफिकेशन तीन. आपली पूर्णा-अकोला लाइन मोठी व्हायला २००८ साल उजाडलं, यावरून एकदा ठरलेलं माप बदलणं किती जड जातं ते बघा.

वालचंदांचं तांत्रिक शिक्षण कॉलेजात नाही, अशा मापांच्या दुनियेत झालं. पुढे त्यांच्या कंपनीने मुंबई-पुण्यामधल्या भोर घाटात रेल्वेचे बोगदे खोदले. मोठमोठी कामं केली, पैसा झाला. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता.

१९१९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून लॉयल्टी नावाची एक जुनी बोट विकत घेतली आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. आज आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस पाळतो, तो यासाठी. इंग्रज जहाज कंपन्यांनी भाडं पाडून त्यांना जेरीस आणलं, ती वेगळी आणि मोठी कहाणी आहे. इथे आपल्या कामाचं एवढंच की या धंद्यात वालचंदांना एक गोष्ट नीट कळली. बोट आपल्या मालकीची असली तरी ती बांधणारा आणि दुरुस्त करणारा परका असेल, तर मान त्याच्याच हातात राहते.

खोक्यांतून येणारी मोटार

त्या काळी भारतात मोटारी तयार होत होत्या का? हो आणि नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत कारखाना टाकला होता. फोर्डचंही मुंबई, कलकत्ता, मद्रासला काम चालायचं. पण हे कारखाने म्हणजे जोडणीच्या शेड होत्या.

ही पद्धत आजही जिवंत आहे, म्हणून नीट समजून घेऊ. गाडी अख्खी जहाजात चढवली तर जागा फार खाते आणि आयात करही जास्त लागतो. म्हणून तिचे सुटे भाग करून लाकडी खोक्यांत भरायचे, इथे आणून बोल्ट आवळायचे, रंग द्यायचा, टायर चढवायचे आणि विकायची. याला सीकेडी म्हणतात. आजही महागड्या जर्मन गाड्यांचे भाग असेच इथे येऊन जोडले जातात, म्हणूनच त्या पूर्ण आयात गाडीपेक्षा स्वस्त पडतात.

खोक्यातल्या गाडीचं स्पेसिफिकेशन खोकं भरणारा ठरवतो. इथल्या उन्हाला रेडिएटर लहान पडतोय, इथल्या खड्ड्यांना स्प्रिंगा मऊ पडताहेत, असं मुंबईच्या फोरमनला कितीही वाटलं तरी त्याच्या हातात पाना असतो, साचा नसतो. फोर्डचं तर आणखी विचित्र होतं. ब्रिटिश साम्राज्यातला, इंग्लंड सोडून, बहुतेक व्यापार फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे दिलेला होता. म्हणजे भारतातल्या फोर्डचा निर्णय डेट्रॉइटलाही होत नव्हता आणि मुंबईतही नाही.

खोक्याबाहेरचेही भाग असायचे हे खरं. टायर घ्या. १९३६ मध्ये डनलपचा कारखाना बंगालमध्ये साहागंजला सुरू झाला होता. एकाच मॉडेलच्या दोन देशांतल्या गाड्या पहिल्यांदा वेगळ्या होतात त्या अशाच: टायर, बॅटरी, रंग, सीटचं कापड, काच. जे जवळ मिळतं ते लागतं. आजही एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर लागलेले दिसतात. टायर बदलला की ब्रेक लागायचं अंतर, आवाज आणि मायलेज, तिन्ही थोडं थोडं सरकतं. ब्रोशरमध्ये हे कुठेच लिहिलेलं नसतं.

मोटार भारतातच बनवायची ही कल्पना एकट्या वालचंदांची नव्हती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात युरोप-अमेरिकेत फिरून आले आणि त्यांनी मुंबईला मोटार कारखान्याची योजना मांडली. वालचंद त्यात उतरले. मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ योजनेला अनुकूल होतं. पण १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पाठिंबा गेला, वालचंद मात्र अमेरिकेला गेले.

तिथे फोर्ड आणि जनरल मोटर्सशी काही जमलं नाही. या दोघांचं इथे खोकी पाठवून छान चाललं होतं, मग कोणाला शिकवून उद्याचा स्पर्धक कशाला तयार करतील? जमलं ते क्रायस्लरशी, १९४० मध्ये. क्रायस्लर आराखडे आणि तंत्र देणार, कारखाना भारतीय मालकीचा.

करार हातात होता, पण ब्रिटिश सरकारने युद्धाचं कारण सांगून अडवून धरलं. यंत्रं आणायला परवाना लागतो, जहाजात जागा लागते, परकी चलन लागतं. यातलं काहीही सरकारच्या मर्जीशिवाय मिळत नव्हतं. युद्धाला ट्रक हवे होते हे खरं, पण ते बाहेरून येत होते. इथे कारखाना उभा राहिला तर युद्ध संपल्यावरही तो इथेच राहणार, हे सरकारला कळत नसेल असं मला तरी वाटत नाही.

विमान आधी, मोटार नंतर

याच अमेरिकेच्या दौऱ्यातल्या प्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. त्या ओळखीतून आणि म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. आजची एचएएल, तेजस बनवणारी, ती हीच. १९४१ मध्ये तिथून हार्लो जातीचं छोटं प्रशिक्षण विमान तयार होऊन उडालं. मोटारीला परवानगी नाही आणि विमानाला आहे, असा उलटा न्याय. कारण सरळ होतं, विमानाची गरज सरकारला स्वतःला होती. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन तो कारखाना ताब्यात घेतला.

त्याच काळात विशाखापट्टणमला जहाज बांधणीचा कारखाना सुरू झाला. १४ मार्च १९४८ ला तिथून जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पुढे तो कारखानाही सरकारकडे गेला. वालचंदांच्या आयुष्यात असं पुन्हा पुन्हा झालं: त्यांनी उभं करायचं आणि सरकारने घ्यायचं. गोऱ्या सरकारने घेतलं आणि आपल्याही.

कुर्ल्याचा कारखाना: नावं तीन, गाडी एक

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. तिकडे बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स इंग्लंडच्या मॉरिस कंपनीबरोबर कामाला लागली होती. म्हणजे देशातल्या दोन कारखान्यांपैकी एकाची मापं अमेरिकेची, एकाची इंग्लंडची. रुळांचीच गोष्ट पुन्हा.

कुर्ल्याची गाडी कोणती, तर डॉज, डिसोटो आणि प्लिमथ. तीन नावं ऐकून तीन गाड्या वाटतात. प्रत्यक्षात क्रायस्लरची परदेशात विकायची एक युक्ती होती. अमेरिकेत या तीन नावांच्या गाड्या वेगवेगळ्या किमतीच्या, प्लिमथ सगळ्यांत स्वस्त, डिसोटो तिच्याहून बरीच वरची. परदेशात मात्र प्रत्येक डीलरकडे एक स्वस्त गाडी असावी म्हणून प्लिमथचंच शरीर घ्यायचं, पुढची जाळी आणि बिल्ला बदलायचा आणि नाव द्यायचं डॉज किंग्सवे किंवा डिसोटो डिप्लोमॅट. मुंबईत डिसोटो घेऊन मिरवणाऱ्या शेटजीखाली अमेरिकेतल्या साध्या प्लिमथचंच अंग असायचं. ट्रकचंही तसंच: डॉज, डिसोटो आणि फार्गो, नावं तीन आणि ट्रक तोच.

ही युक्ती जुनी झाली असं समजू नका. मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा शेजारी उभ्या करा आणि फक्त दरवाजे बघा. तेव्हा गाडी घेताना बिल्ल्यावर जाऊ नका, खाली कोणती गाडी आहे ते विचारा.

आता आकड्यांची एक गंमत. त्या काळच्या अमेरिकेतल्या प्लिमथचं सहा सिलिंडरचं ३.६ लिटरचं इंजिन सुमारे ९५ हॉर्सपॉवरचं सांगितलं जायचं. ३.६ लिटरमधून फक्त ९५? आजचं १ लिटरचं टर्बो इंजिनसुद्धा १०० पर्यंत जातं. त्यातही ते ९५ फुगवलेले होते. अमेरिकेत तेव्हा ताकद मोजताना इंजिन टेबलावर उघडं ठेवायचे, पंखा नाही, सायलेन्सर नाही, डायनामो नाही, कशाचंच ओझं नाही. जर्मनीत मात्र सगळा संसार अंगावर ठेवून मोजायचे. म्हणून तेच इंजिन अमेरिकेत जास्त ताकदीचं आणि युरोपात कमी ताकदीचं दिसायचं. १९७२ च्या मॉडेलांपासून अमेरिकेनेही सगळं लावून मोजायला सुरुवात केली आणि एका रात्रीत तिथल्या गाड्यांचे आकडे घसरले. इंजिन कोणी हात लावलेलं नव्हतं.

आज हा घोळ कमी झालाय, पण संपलेला नाही. काही कंपन्या पीएस लिहितात, काही बीएचपी. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी. दोन ब्रोशर शेजारी ठेवून एक-दोन आकड्यांच्या फरकावर मित्रांशी भांडत असाल, तर आधी एकक बघा.

फियाट आणि जुनं इंजिन

वालचंदांना जोडणी करायची नव्हती, गाडी बनवायची होती. साचे, ओतकाम, इंजिन, गिअर सगळं. पण स्वतंत्र झालेल्या देशाकडे परकी चलन कमी होतं, आणि ३.६ लिटरची पेट्रोल पिणारी अमेरिकन गाडी किती लोक घेणार? इथे छोटी गाडी हवी होती. म्हणून वालचंदांच्या हयातीतच प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हात मिळवला. १९५१ च्या सुमारास फियाट ५०० ची जोडणी सुरू झाली आणि मग आली फियाट ११००.

इथे स्पेसिफिकेशनच्या फरकाचं सगळ्यांत बोलकं उदाहरण सापडतं. १९६२ मध्ये इटलीत फियाट ११०० डी आली. नावात ११०० असलं तरी तिच्यात इंजिन होतं १,२२१ सीसीचं. १९६४ पासून तेच मॉडेल कुर्ल्याला बनायला लागलं. बॉडी नवी, नाव डिलाइट, पण इंजिन राहिलं १,०८९ सीसीचं, मागच्या पिढीचं. इटलीतली सुमारे ५० हॉर्सपॉवरची, इथली ४० च्या आसपास.

गाडीत सगळ्यांत महाग काय, तर इंजिन बनवायची लाइन. सिलिंडरचा ब्लॉक ओतायचे साचे, तो कोरायची यंत्रं, ते सगळं मोजायची गेज. पत्र्याचा आकार बदलायचा तर डाय बदलतो, तोही स्वस्त नाही. पण इंजिन बदलायचं तर अर्धा कारखाना बदलतो, त्याला भाग पुरवणारे बदलतात, आणि रस्त्यावर धावणाऱ्या हजारो गाड्यांचे स्पेअर पार्ट वेगळे होतात. ज्या देशात परकी चलनाचा एक एक डॉलर मोजून मिळतो, तिथे चालतं इंजिन बदलायला कोण उठेल? फायदाही होता. १,०८९ सीसीचं ते इंजिन गावोगावच्या मिस्त्रींना पाठ झालं.

तोटा तुम्हाला माहीत आहे. हीच गाडी १९७० च्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००० सालापर्यंत बनत राहिली. इटलीत जी गाडी १९६६ ला बदलली, ती आपण पुढे ३० वर्षांहून जास्त काळ नवी म्हणून विकत घेतली. त्यासाठी वर्षानुवर्षं बुकिंग करून थांबलो ते वेगळंच.

हे वालचंदांना पाहायला मिळालं नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. १९४९ मध्येच सरकारने तयार मोटारींची आयात बंद केली होती. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला ते गेले. पत्नी कस्तुरबाई त्यांच्याजवळ होत्या. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांच्याकडे भारतात खरोखर उत्पादन करायची योजना आहे त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी इथलं काम आवरलं. ज्या दोघांशी १९३९ मध्ये जमलं नव्हतं, ते गेले आणि प्रीमियर राहिली. पण बाजारात स्पर्धा उरली नाही, आणि स्पर्धा नसेल तर १,०८९ सीसी बदलायची गरजही उरत नाही. वालचंदांनी मागितला होता बनवायचा हक्क, तो मिळाला. न बदलायची मुभा त्यासोबत फुकट आली. माझ्या मते दोष त्या माणसाचा नाही, पण ही गोष्ट सांगताना हा भाग गाळणं बरोबर नाही.

आज काय बघायचं

आता पुन्हा आजच्या रस्त्यावर या. आज भारतातले कारखाने जगाच्या तोडीचे आहेत, तेव्हा फरक कारखान्याच्या कुवतीमुळे पडत नाही. फरक पडतो तो तुमच्याकडून काय मागितलं जातं आणि कायदा काय मागतो, यामुळे.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिल्या. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो, सगळ्या एअरबॅग नसलेल्या. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य स्टार. यातली पोलो पुण्याजवळ चाकणला बनायची, आणि युरोपातल्या पोलोला २००९ मध्ये पाच स्टार मिळालेले होते. चाकणच्या पोलोचा सांगाडा टेस्टमध्ये टिकला होता, कमी होत्या त्या एअरबॅग. दोन एअरबॅग लावून तीच पोलो पुन्हा आदळली तेव्हा चार स्टार मिळाले. त्यानंतर कंपनीने बिना-एअरबॅगची पोलो विकणं बंद केलं. बाकी गाड्यांसाठी कायदा यावा लागला: जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची, २०२१ मध्ये शेजारच्या सीटची. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची टेस्टही सुरू झाली. परदेशातले स्टार पाहून इथली गाडी घेऊ नका, भारतात विकल्या जाणाऱ्या मॉडेलचेच स्टार बघा.

मायलेजचंही असंच. भारतात गाडीचं मायलेज काढायच्या चाचणीत वेग ९० किलोमीटरच्या वर जात नाही. जपान आणि युरोपच्या चाचण्या वेगळ्या, म्हणून तिथले आणि इथले आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. आता विचार करा, तुम्ही शेलूबाजारला समृद्धीवर चढलात आणि १२० च्या मर्यादेत नागपूरला निघालात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८० ऐवजी १२० म्हणजे दीडपट वेग आणि सव्वादोनपट विरोध. ब्रोशरमधले २१ किंवा २२ तिथे मिळणार नाहीत, आणि गाडीत बिघाडही नसेल.

पेट्रोलमध्येही फरक आहे. आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्क्यांचा एक तृतीयांश, म्हणजे टाकीतली एकूण ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी कमी. ब्राझीलमध्ये इथेनॉलचं प्रमाण आपल्याहून जास्त, म्हणून तिथल्या गाड्यांची इंजिनं, रबराचे पाइप आणि सॉफ्टवेअर पहिल्यापासून तसं बनवलेलं असतं. तुमची गाडी जुनी असेल तर ती ई२० साठी बनलेली आहे का, हे मॅन्युअलमध्ये किंवा पेट्रोलच्या झाकणाजवळ बघा.

आणि गाडी कुठे बनली हे पाहायचं असेल तर आरसी काढा. चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्याची सुरुवातीची अक्षरं देश आणि कंपनी सांगतात. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर एम ने सुरू होतो, जपानमध्ये बनलेल्याचा जे ने.

कुर्ल्याच्या गाड्यांना असा १७ अक्षरांचा नंबर बराच काळ नव्हता. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असते, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. पद्मिनीचा गिअर बहुतेक काळ स्टिअरिंगच्या दांड्यावर होता आणि इंजिन १,०८९ सीसीचं.